सातवी विहीर

"मला सुई न्हाई टोचायची. सात हिरीत डोकावते, झालं," बैलगाडीत चढत गोपिकाबाई म्हणाल्या.

पिसाळलेल्या कुत्र्यानं सकाळी त्यांच्या पोटरीचा लचका तोडला होता. त्यांची सून उषा तेव्हापासून वाद घालत होती. जखम तिनं साबणानं धुतली, पुन्हा धुतली. हैदराबादेत कॉलेजात शिकलेलं सगळं सांगून झालं. विष एकदा डोक्यात गेलं की इलाज नाही. इंजेक्शनं आजच सुरू केली तर माणूस वाचतो. सासू ढिम्म. गावाची रीत ठरलेली. कुत्रं चावलं की सात विहिरी बघायच्या. पाण्यात आपलं तोंड दिसलं तर बरं, कुत्रं दिसलं तर संपलं.

"बरं आत्याबाई," उषा शेवटी म्हणाली. "पण विहिरी मी निवडणार."

गाडीत मेंढरंवाला रखमाजी आणि शेजारची झुंबरबाईही होती. त्याच कुत्र्यानं त्याचा हात आणि तिची टाच फोडली होती. दोघांचं एकच म्हणणं. गोपिकाबाई करतील तेच आम्ही करणार.

पहिली विहीर जालन्याच्या रस्त्यावर होती. दुसरी तिच्या पुढं. तिसरी आणखी पुढं. उषाचा नवरा बद्रीनाथ गाडी हाकत होता. तो मागं वळून बघतच नव्हता. त्याला हसू फुटलं असतं. तिघं काठावर वाकायची आणि उषा त्यांच्या पदराला, धोतराला धरून उभी राहायची.

"दिसलं का रं कुत्रं?" झुंबरबाईनं विचारलं.

"न्हाई. माझंच थोबाड दिसून राह्यलं," रखमाजी म्हणाला. "कुत्र्यापरीस वंगाळ."

सहाव्या विहिरीवर मोट हाकणारा शेतकरी ओरडला, "सातवी ही काय, बाभळीमागं! उगं कशाला बैलं दमवता?"

उषा चटकन बाभळीच्या वाटेत आडवी उभी राहिली. घरी तिचं तान्हं पोर होतं. आजीच्या मांडीशिवाय ते डोळा मिटत नसे.

गोपिकाबाईंनी लांबूनच नाक मुरडलं. "तिचं पाणी गढूळ असंल. तोंड बराबर दिसायचं न्हाई. हाक रे बद्री, जल्दी."

सातवी विहीर दवाखान्याच्या आवारात होती. निजामाचं राज्य, म्हणून फाटकावरची पाटी उर्दूत, तेवढं बरं. उषाशिवाय गाडीतल्या कुणालाच ती वाचता येणार नव्हती. उषानं तिघांना थेट काठावर नेलं. आता पुढचं कसं बोलायचं, ते ती मनात जुळवत होती.

गोपिकाबाई वाकल्या. पाणी बघितलं. मग डोक्यावरचा पदर सारखा करून तरातरा ओसरीवरच्या डॉक्टरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, आम्ही तिघं हौत. कुत्रं चावलंय."

उषा मागोमाग धावली. "आत्याबाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुझं तोंड सकाळपास्नं सांगून राह्यलं की. अगं, सुईचं नाव काढलं असतं तर ही दोघं शिवंपल्याड तरी आली असती का?"

रखमाजी आणि झुंबरबाई एकमेकांकडं बघायला लागली. गोपिकाबाईंनी दोघांची मनगटं घट्ट धरली आणि डॉक्टरकडं वळल्या.

"आधी ह्यांना टोचा, साहेब. मला शेवटी. माझं वरडणं ऐकलं, तर हे आठवी हीर हुडकत पळतील."