पोळ्याचं आवतण

“ऊठ, बाबू. कवा उठशीन?”

लक्ष्मणराव दारातूनच म्हणाले. आत गजेंद्र भिंतीकडे तोंड करून पडला होता. उद्या पोळा. दुपार कलली होती आणि सकाळची थाळी उंबऱ्याशी तशीच झाकलेली होती.

“उठतो,” गजेंद्र म्हणाला. तो उठला नाही.

गजेंद्रनं तिशी ओलांडली होती. वर्ध्याच्या एका छापखान्यात तो प्रुफं तपासायचा. त्याला ऑटिझम आहे हे दवाखान्यात कळलं, तेव्हा तो कामाला लागून बरीच वर्षं झाली होती. आई होती तोवर त्याचं नीट चाललं होतं. भागीरथाबाई उन्हाळ्यात गेल्या. मग आधी त्याचं कामावर जाणं थांबलं, नंतर अंगणात येणं, नंतर बापाजवळ जेवायला बसणं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. हा आळस नाही, मनाचं दुखणं आहे, वेळ लागेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. लक्ष्मणरावांना ते पटलं होतं. पण वेळ लागेल म्हणजे रोज सकाळी करायचं काय, ते कळत नव्हतं. भागीरथाबाई पोराला खोलीबाहेर कसं आणायच्या, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या वेळी ते वावरात असायचे.

त्यांना एकच शब्द येत होता, ‘ऊठ’. तो त्यांनी गोडीनं म्हणून पाहिला, रागानं म्हणून पाहिला, एकदा रडतही म्हणून पाहिला. या घरातून एक माणूस गेलं होतं. दुसरं एकेका थाळीनं चाललं होतं.

संध्याकाळी त्यांनी वाटीत तूप गरम केलं, त्यात हळद कालवली आणि गोठ्यात गेले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे असतात. यंदा उभ्या पिकातली डवरणी लांबली होती. मोऱ्याचा खांदा जुवाखाली सुजला होता, कबऱ्याचा सोलवटला होता. पळसाच्या पानानं तूप लावून लक्ष्मणरावांनी दोघांचेही खांदे चोळले.

कुंपणापलीकडून शेजारचे वासुदेवराव म्हणाले, “भाऊ, दोन झाले. तुमचा तिसरा बैल उठला का नाई?”

“नाई उठला.”

“त्याले तुतारी टोचा. तुपानं नाई उठत तो.”

लक्ष्मणराव बैलांकडे वळले. बैलांच्या कानाशी वाकून त्यांनी दरवर्षीचे शब्द म्हटले आणि वाटी उचलली. तळाशी थोडं तूप उरलं होतं. ते तसेच पोराच्या खोलीत गेले आणि खाटेजवळ खाली बसले. आज ते ‘ऊठ’ म्हणाले नाहीत.

“दुखते का रे खांदा?”

गजेंद्र म्हणाला, “सगळंच दुखते.”

“लावू?”

“हळू नोका लावू.”

आजवर लक्ष्मणराव त्याला भीतभीत, अगदी हलका हात लावत, आणि तो चटका बसल्यासारखा अंग चोरून घेई. बैलही हलका हात सोसत नाही. माशी बसल्यासारखी त्याची कातडी थरथरते. त्याच्यावर सगळा तळहात दाबून ठेवावा लागतो. हे लक्ष्मणरावांना जन्मभर ठाऊक होतं. त्यांनी तळहात पोराच्या खांद्यावर दाबून ठेवला. गजेंद्र हलला नाही. त्याचा श्वास हळूहळू संथ झाला.

चोळून झाल्यावर सवयीनं बैलांना म्हणायचं तेच त्यांच्या तोंडून निघून गेलं, “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.”

त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. ते वाटी घेऊन बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी पोळा फुटला. लक्ष्मणराव तोरणाखालून बैल घरी घेऊन आले, त्यांचे पाय धुतले. वासुदेवरावांच्या घरच्या शकुंतलाबाईंनी पुरणपोळ्या आणून दिल्या होत्या. कबऱ्याला ते घास भरवत होते, तेव्हा मागे कडी वाजली.

दारात गजेंद्र उभा होता. त्यानं अंघोळ केली होती. शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली होती. दुरून बाजा ऐकू येत होता, म्हणून दोन्ही कान हातांनी दाबून धरले होते.

“मी कुठं बसू?” त्यानं विचारलं.

लक्ष्मणरावांनी गडबडीनं बैलांशेजारी पाट मांडला. थाळी वाजू नये म्हणून त्यांनी ती आधी हळूच जमिनीवर टेकवली, मग पुढे सरकवली. गजेंद्रनं पोळी तुकड्या-तुकड्यानं खाल्ली. अर्धी त्यानं मोऱ्याला दिली. मग हात धुतले, खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा निजला.

लक्ष्मणराव अंगणात बसून राहिले. बरं झालं म्हणावं तर पोरगा परत खाटेवरच होता. नाही म्हणावं तर पाटासमोर रिकामी थाळी होती.

संध्याकाळी खांदे शेकायचे नव्हते. ते कालच झालं होतं. तरी त्यांनी वाटीत तूप गरम केलं आणि खोलीत जाऊन खाली बसले. गजेंद्रनं तोंड वळवलं नाही, पण पांघरुणातून खांदा बाहेर काढला.

चोळता चोळता लक्ष्मणरावांनी विचारलं, “एवढे दिवस काऊन नाई आला रे, बाबू?”

गजेंद्रनं नीट विचार केला.

“एवढे दिवस तुमी ‘ऊठ’ म्हनत होते,” तो म्हणाला. “आई ‘ये’ म्हने. तुमी ‘ये’ म्हून कालच म्हटलं.”