चिकटवलेलं हसू

"माझ्या आईला खोटं हसवलंत तुम्ही!" चॅनेलच्या साहेबांच्या केबिनमध्ये घुसत दिगंबर ओरडला.

काल टीव्हीवर त्यांच्या विनोदी कार्यक्रमाचे 'पर्वातले लाडके क्षण' लागले. पहिल्या नंबरवर त्याचंच स्किट होतं: वरातीत क्लॅरिनेट वाजवता वाजवता कोसळून गेलेला बँडवाला, म्हणजे त्याचा बापच, त्यानं स्वतः साकारला होता. चित्रीकरणाच्या दिवशी शेवटी प्रेक्षक चिडीचूप झाले होते. पुढच्या रांगेत बसलेल्या आईनं तोंडात पदर कोंबला होता. काल मात्र बँडवाला कोसळला आणि पडद्यावर आई खदखदून हसली. तिचं दुसऱ्याच स्किटवरचं हसू कापून इथं चिकटवलं होतं.

"राजा, गप्प बसलेले प्रेक्षक कोण बघतं?" साहेब हसले. "माऊली हसली, म्हणून तर लोकांनी डोक्यावर घेतलं."

"आज नळावर बायकांनी तिला विचारलं, नवरा गेला तेव्हाही अशीच हसलीस का गं? तेव्हापासून दार लावून बसलीय. मलाच विचारते, 'मी खरंच हसले का रे?'"

"आईचा नंबर दे. मी समजावतो त्यांना."

"तिला एकटीला नको! सगळ्या महाराष्ट्राला तिचं हसू दाखवलंत. ती रडली होती, हे कधी दाखवणार? तारीख सांगा!"