दहाव्या फेऱ्याला

स्टुडिओच्या काचेपलीकडे सासूबाई ड्रमसेटचे स्क्रू सोडत होत्या आणि काचेअलीकडे त्यांची सून कॉम्प्युटरसमोर बसून एकच तुकडा विसाव्यांदा ऐकत होती.

निकाल जेवणाच्या सुट्टीआधीच लागला होता. काल सासूबाईंनी वाजवलेल्या ड्रममधला आठ सेकंदांचा तुकडा कापून सुनेनं त्याचा लूप केला होता. तोच तुकडा गोल गोल फिरत अख्ख्या गाण्याला ताल पुरवणार होता. पहिले चार-पाच फेरे झकास जात. मग ताल, लय मोजून देणाऱ्या क्लिकच्या टिकटिकीमागे रेंगाळू लागे, आणि दहाव्या फेऱ्याला गाणं एकीकडे नि ताल भलतीकडे. म्हातारीचा हात ढिला पडला, असं म्हणून संगीतकार मोकळा झाला. गाणं काढणाऱ्या कंपनीला फोन करून त्यानं तसं कळवलंसुद्धा. आता सॉफ्टवेअरमधले तयार ड्रम लावायचे होते.

सासूबाई यावर भांडल्या नाहीत, हेच सुनेला सहन होत नव्हतं. एरवी आमटी जरा खारट झाली म्हटलं तर तासभर बाजू लढवणारी बाई. चाळीस वर्षं हॉटेलांत आणि जहाजांवर वाजवलेलं, समोर कोण बसलंय याची कधी पर्वा केली नाही. आज मात्र त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, बोटं दोनदा मिटून उघडली आणि नुसतं बरं म्हणाल्या. येत्या रविवारी ड्रमसेट कुणाला तरी देऊन टाकू, असंही वर म्हणाल्या.

सुनेनं कालचं न कापलेलं रेकॉर्डिंग उघडलं. सलग चार मिनिटं. क्लिक लावून तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं. पहिला ठोका टिकटिकीवर होता तसाच शेवटचाही होता. बाई कुठे तसूभर हलली नव्हती.

मग तिनं आपला तुकडा मोजला. आठ सेकंद, आणि वर सेकंदाचे बारा हजारांश. ठोक्याचं डोकं उडू नये म्हणून ती नेहमी त्याच्याआधी चिमूटभर शांतता ठेवून कापायची, आणि तेवढीच शेवटून काढून टाकायची. काल घरी जायच्या गडबडीत शेवटचं काढायचं राहिलं होतं. ती चिमूटभर शांतता दर फेऱ्याला साठत गेली आणि तिचं खापर सासूबाईंच्या मनगटावर फुटलं.

आधीच्या एडिटरला अशाच एका चुकीसाठी संगीतकारानं हातातला चहा संपायच्या आत घरी पाठवलं होतं. हे आठवत असूनही तिनं त्याला बोलावलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

त्याला राग आला नाही. त्यानं एकदा काचेकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि अगदी घरच्या माणसासारखा समजावू लागला. कंपनीला एकदा कळवून झालंय, आता शब्द फिरवला तर त्याचं हसं होईल. तयार ड्रम निवडून झालेच आहेत. तिच्या चुकीबद्दल तो कुणाकडे अवाक्षर काढणार नाही.

"तुझी नोकरी राहते, माझा शब्द राहतो," तो म्हणाला. "आणि मावशींचं वय काय आज ना उद्या होणारच होतं."

खोटं कशाला बोला, क्षणभर सुनेला ते पटलं. तेवढ्यात काचेपलीकडे सासूबाईंनी झांज कापडात गुंडाळली आणि ती उजव्या हातानं उचलता उचलता डाव्या हातात घेतली. आपल्याच हातावरचा भरवसा त्या तासाभरात घालवून बसल्या होत्या. सुनेला स्वतःची इतकी लाज वाटली की तिचे कान तापले, आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला.

तिनं पलीकडच्या खोलीत आवाज पोचवणारं बटण दाबून धरलं.

"आई, स्क्रू सोडू नका. हात तुमचा ढिला नाही. कापताना मी चुकले. आणि आता ते सरांनाही माहीत आहे."

संगीतकारानं तिचं बोट बटणावरून काढायला हात पुढे केला, पण सांगायचं ते सांगून झालं होतं. उद्यापासून येऊ नकोस, असं त्यानं दात आवळून सांगितलं. उद्या येत नाही, पण आज माझी चूक निस्तरूनच उठेन, असं ती म्हणाली आणि तिनं माउस हातात घेतला. शेवटची चिमूटभर शांतता कापायला तिला दहा सेकंदही लागले नाहीत. एकही ठोका तिनं जागचा हलवला नाही.

तोवर सासूबाई दार ढकलून आत आल्या होत्या. त्यांनी सुनेकडे असं पाहिलं की घरी गेल्यावर आपली धडगत नाही हे तिला कळलं. तिनं लूप चालू केला.

पाच फेरे झाले. दहावा झाला. पंधरावाही टिकटिकीला धरून निघून गेला. विसाव्या फेऱ्याला संगीतकार घसा खाकरून म्हणाला की ठीक आहे, ऐकलं, आणि उठून बंद करायला वाकला.

सासूबाईंनी उजव्या हातानं त्याचीच खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या.

"चालू राहू दे," त्या म्हणाल्या. "घसरेपर्यंत बसते मी."