अक्रोडाची मूठ

“घरी नेलीस की पहिलं काय करशील?” ऑर्विल टॅकेटने विचारलं.

लोवेल ब्रांट गाडीभोवती एक फेरी मारून नुकताच थांबला होता. प्रश्न साधाच होता, पण सगळं त्याच्या उत्तरावर अडलंय हे त्याने ओळखलं. आधीची दोन गिऱ्हाइकं ऑर्विलने याच कोठाराच्या दारातून वाटेला लावली होती.

“आत बसेन,” लोवेल म्हणाला. “थोडा वेळ. नुसताच.”

म्हातारा दारातून बाजूला झाला.

पासष्ट सालची लाल कॉर्व्हेट होती. कारखान्यातून आली त्यानंतर तिला कुणी नवी करायला गेलं नव्हतं. रंगाला तळं आटल्यावर पडतात तशा भेगा गेल्या होत्या. बॉनेट मधोमध कापून हवेसाठी उंच तोंड बसवलं होतं. मागची चाकं रुंद, आणि ती मावावीत म्हणून बाजूही हातानेच फुगवलेल्या. त्या काळची शर्यतवेडी पोरं करायची ते सगळे उद्योग. दारावर ब्रशने सतराचा आकडा काढला होता, त्यातल्या साताचा पाय खाली ओघळला होता. आत जुन्या कॉफीचा वास कोंडला होता. लोवेलला तो फार आवडला.

पूर्वी त्याने स्वतः अशीच एक गाडी आणून पार नवीकोरी केली होती. प्रदर्शनात लोक तोंडभर कौतुक करायचे, पण तिच्यात बसलं की त्याला दवाखान्यात बसल्यासारखं वाटायचं. शेवटी काढून टाकली. आता सत्तरी उलटली होती आणि त्याला एकच हवं होतं, कुणाच्या तरी हातची, खरी गाडी. त्यापायी त्याने तळ्यावरची लाडकी होडी विकली होती. “या खेपेला गाडी आण,” निघताना बायको, मार्लिस, म्हणाली होती, “मागच्यासारखी शोकेसमधली बाहुली नको.”

“हे सगळं डॉयलचं काम,” ऑर्विल म्हणाला. “धाकटा भाऊ माझा. अडुसष्ट साली व्हिएतनामला गेला. जाताना म्हणाला, मी येईस्तोवर हिला हात लावू नकोस. मी नाही लावला. तो काही आला नाही.”

लोवेलने दारावरच्या आकड्याकडे पाहिलं. “मग आता का विकताय?”

“गुडघे, दुसरं काय! आत बसतो कसाबसा, पण बाहेर ओढायला तुझ्यासारखा कुणीतरी लागतो.”

लोवेल हसला, आणि हसल्याचं त्यालाच वाईट वाटलं.

गिअरच्या दांड्यावर अक्रोडाच्या लाकडाची मूठ होती. तळहाताने झिजून गुळगुळीत झालेली, वर चाकूने कोरलेलं डी. टी. लोवेलने ती हातात धरली आणि अंगठा त्या अक्षरांवरून फिरवला.

“आमच्याच झाडाचं लाकूड,” ऑर्विल म्हणाला. “त्या पायरीवर बसून कोरायचा.” त्याने विजारीला हात पुसले. बोटं पार काळी पडली होती. “अक्रोड सोलतोय. दरवर्षी हीच गत.”

“मला ही गाडी हवीय, ऑर्विल.”

“मग ऐक. रंग द्यायचा नाही. काही खोलायचं नाही. आणि कुठं फोटोत, प्रदर्शनात मिरवायची नाही. डॉयलला तसलं खपायचं नाही.”

“शब्द देतो.”

“शब्द काय, सगळेच देतात.”

“अहो, मी बाप्टिस्ट आहे, चर्चला जाणारा माणूस.”

“मीपण आहे रे बाबा. म्हणूनच म्हणतो.”

दोघांनी हात मिळवले. गाडी ट्रेलरवर चढली. मागच्या शेडजवळ कुत्रं भुंकत होतं, त्याला ऑर्विलने दटावलं. “ट्रेलर तिकडे नको वळवूस,” तो म्हणाला. “तण माजलंय नुसतं.” निघायच्या आधी त्याने बॉनेटवर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. लोवेलने नजर दुसरीकडे वळवली.

ट्रेलर ओढणारा माणूस थोडं अंतर गेला की थांबून पट्टे तपासतो. लोवेलही पेट्रोल पंपापाशी थांबला. पट्टे घट्ट होते. मग तो गाडीत चढला आणि म्हटल्याप्रमाणे नुसताच बसला. पण सुख होईना. बॉनेटवरचा तो हात डोळ्यांसमोरून हलेना. एका माणसाचा भाऊ आपण पट्ट्यांनी बांधून घेऊन चाललोय, असं त्याला वाटलं.

अशा गाडीतली एक मूळ वस्तू काढली तरी तिचं मोल घसरतं, हे लोवेलला कुणी सांगायला नको होतं. तरी त्याने ती मूठ फिरवून सोडवली, खिशात घातली आणि ट्रेलर परत फिरवला. दिलेला शब्द पहिल्याच दिवशी मोडत होता, पण त्याला कितीतरी हलकं वाटत होतं.

कोठारात कुणी नव्हतं, घराच्या पायरीवरही नाही. कुत्रं शेपूट हलवत मागच्या शेडकडे धावलं, तसा लोवेल त्याच्यामागून निघाला. तण कुठेच नव्हतं. चांगली मळलेली वाट होती. शेडचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून कॉफीचा वास येत होता.

“ऑर्विल,” त्याने मूठ पुढे धरून हाक मारली, “ही तुमच्याकडेच राहू द्या. भावाची आठवण आहे.”

ऑर्विल वळला. त्याच्या हातात ब्रश होता. समोर एक लाल कॉर्व्हेट उभी होती, बॉनेट मधोमध कापलेली, आणि दारावरच्या ताज्या साताचा पाय नुकताच खाली ओघळत होता. पलीकडे मेजावर अक्रोडाच्या पाच मुठी सालींच्या काळ्या पाण्यातून काढून वाळत ठेवल्या होत्या, आणि पाचांवरही डी. टी. कोरलेलं होतं.