दाराबाहेरचं पातेलं

घरोघर दूध घालायचो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा एक नियम होता. झोपण्याआधी त्या दाराबाहेर पातेलं ठेवायच्या, त्यावर ताटली आणि मांजराच्या भीतीने ताटलीवर दगड. "सकाळी पातेलं बाहेर दिसलं नाही, तर दार वाजव," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "एकटी बाई मी. काही झालं तर तुला तरी कळेल."

तशी वेळ कधी आली नाही. मग गल्लीला पिशवीतल्या दुधाची चटक लागली. पाणी घालतोस म्हणून रोज भांडणारेसुद्धा सोडून गेले. एका गिऱ्हाइकासाठी तीन जिने चढणं परवडेना. शेवटच्या दिवशी काकू एवढंच म्हणाल्या, "पातेलं मी रोज ठेवतच जाईन, पण आता माझं दार कोण वाजवणार?"

"शेजारीपाजारी आहेत की," मी म्हटलं.

आता मी टेम्पोवर असतो, पहाटे दुकानांत पिशव्यांचे क्रेट उतरवतो. काल क्रेट ठेवून मान वर केली, तर समोर काकू. अनवाणी. हातात तेच पातेलं, वर ताटली, दगडसुद्धा.

"अरे वा, शेवटी तुम्हीही पिशवीवर आलात म्हणायचं!" मी हसलो. "पण पिशवीला पातेलं कशाला आणलंत?"

काकू हसल्या नाहीत.

"चार दिवस झाले, हे दाराबाहेर नाहीये रे," त्या म्हणाल्या. "दार वाजव ना."