तिसऱ्या वळणावरचा अंदाज

“कितवे?” भावाने विचारलं.

ताईने गळ्यातला मफलर काढला, घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि मग बसली. कार्यशाळेत बावीस माणसं होती आणि सगळीच एकदम कामात बुडाली होती. एकजण तर स्वच्छ पानाच पुन्हा पुसत होता.

“ताई, आधी चहा तरी घ्या,” मिस्त्री म्हणाला. “फाशी जाणाऱ्याला शेवटची इच्छा विचारतात. आम्ही फाशी देणाऱ्यालाच विचारतोय.”

कोणी हसलं नाही.

शर्यतींचा हंगाम तीन आठवड्यांवर आला होता. दहा संघांच्या नव्या गाड्यांची चाचणी सकाळीच संपली होती. चाचणी झाली की कोणता संघ पहिला येणार आणि कोणता दहावा, हा ताईचा अंदाज साप्ताहिकात छापून येई. एकेचाळीस वर्षं येत होता.

चाचणीत सगळेच लपवाछपवी करतात. कोणी टाकी काठोकाठ भरून गाडी जड करतं, कोणी सरळ रस्त्यावर मुद्दाम ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतं. म्हणून वेळेच्या फलकावरचे आकडे ताई बघतच नसे. ती तिसऱ्या वळणाशी कुंपणाला टेकून उभी राही आणि गाडी वळणात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा तेवढाच वेळ घड्याळावर मोजी. वळणात कोणाला खोटं बोलता येत नाही, असं तिचं म्हणणं. तरुणपणी तर ती डोळे मिटूनही सांगत असे. तेव्हा इंजिनंसुद्धा माणसांसारखी आपापल्या आवाजात खोकत.

तिचा अंदाज एकदाच चुकला होता. त्या वर्षी तिने नवऱ्याचा संघ पहिला लावला होता. शेवटच्या शर्यतीपर्यंत ते दुसरे होते. एक जागा वर यायला नवऱ्याने भर पावसात गाडी पळवली आणि त्यातच तो गेला; ती शर्यत कोणी पुरी केली नाही. मायेपोटी बाईचं घड्याळ पळालं, असं लोक म्हणाले. तेव्हापासून घरच्यांना ती जास्तच कडक मोजते, असंही म्हणत.

भावाने यंदा ठरवून टाकलं होतं. ताईने पहिल्या सहांत सांगितलं तर प्रवेश अर्जावर सही करायची, नाहीतर कार्यशाळेचं शटर ओढायचं. अर्ज पाचपर्यंत द्यायचा होता. चार वर्षं ते ओळीने दहावे आले होते. “शेवटून पहिले,” असं मिस्त्री पाहुण्यांना सांगत असे. आता गाडी भावाची एकुलती एक मुलगी चालवत होती. ती टायरांच्या चळतीवर बसली होती, मांडीवर हेल्मेट घेऊन.

“फलकावर नववे आहोत,” भाऊ म्हणाला. “पण टाकी भरलेली होती, ताई. मी स्वतः भरायला लावली.”

“टाक्या सगळ्यांच्याच भरलेल्या होत्या.”

“आणि गाडी दाबून धरणारा मागचा पंख नवा आहे. मिस्त्रीने चार महिने…”

“दहावे,” ताई म्हणाली.

पाना पुसणाऱ्याने पाना खाली ठेवला.

“दहावे म्हणजे, नवव्याच्या जवळ?” भावाने विचारलं.

“लांब.”

“वळणात काय दिसलं ते तरी सांगा,” मिस्त्री म्हणाला.

“मागची चाकं घसरतात. ती सावरते, पण सावरण्यात वेळ जातो.”

मिस्त्री गाडीकडे बघत राहिला. “मला तसं वाटलं नव्हतं,” तो म्हणाला. मग आवाज उतरला. “पण तुम्ही बघितलंत म्हणजे असेल.”

“तू एकदा चुकली होतीस,” भाऊ म्हणाला.

“घरच्यांना वर लावलं म्हणून चुकले होते.”

भावाने अर्ज चार घड्या करून खिशात कोंबला. माणसं आपापली कपाटं रिकामी करू लागली. कुणाचे जुने बूट निघाले, कुणाचं लग्नाचं आमंत्रण, तीन वर्षांपूर्वीचं. मिस्त्रीने गाडीवर कव्हर घातलं. जुन्या गाडीच्या मापाचं होतं, पंखापर्यंत पोचेना. तो ओढत राहिला.

फाटकापर्यंत मुलगी सोबत आली.

“आत्या, खरं सांग. गाडी वाईट आहे की मी?”

ताई थांबली. “तू.”

“दुसऱ्या एका संघाने विचारलंय मला. जाऊ त्यांच्याकडे?”

“त्यांचा हंगाम कशाला वाया घालवतेस?”

मुलगी रडली नाही. “मी सहा वर्षांची असताना तूच मला मांडीवर घेऊन स्टिअरिंग हातात दिलं होतंस.”

“हो. चुकलं माझं.”

“इतकी वाईट चालवते मी?”

“आता दुसरं काहीतरी बघ. वय आहे तुझं.”

मुलीने मान हलवली. “मग संपलंच,” ती म्हणाली. ती परत जाताना एकदा तरी वळून बघेल असं ताईला वाटलं होतं. तिने बघितलं नाही.

घरी आल्यावर ताईने साप्ताहिकासाठी यादी लिहायला घेतली. नऊच संघ उरले होते. चौथ्या नावाशी फोन वाजला. पलीकडे प्रतिस्पर्धी संघाचा वेळ मोजणारा म्हातारा होता. वीस वर्षं तो तिच्यापासून चार हातांवर, त्याच कुंपणाला टेकून उभा राहत आला होता.

“बाई, तुमच्या भावाने संघ मोडला म्हणतात. खरं का?”

“हो.”

“तुम्ही दहावे सांगितलंत म्हणून?”

“हो.”

“वय झालं आता माझं,” तो ओशाळून हसला. “घड्याळही म्हातारं झालंय. त्यात तुमची भाची आज वळणात सगळ्यांच्या पुढे निघाली होती. तीनदा मोजलं, तीनदा पहिलीच.”

“तुमचं घड्याळ बरोबर आहे,” ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.