ओला रंग

शेवटचा तांबडा ठिपका डाव्या दिव्याच्या मागे राहिला होता. मोहनरावांनी तो बोटाने दाखवला. गफूरने कुंचला फिरवला आणि मोटार सगळी हिरवी झाली.

गफूर बीडचा. टांगे रंगवणे हे त्याचे काम. मोटारीला त्याने पहिल्यांदाच हात लावला होता, आणि तीही शर्यतीची, दोनच माणसांची, वर टप नसलेली. मोहनरावांनी ती हैदराबादेहून जुनी विकत आणली तेव्हापासून तांबडीच होती. साऱ्या मुलखात तिची ओळख तीच.

"सरकार, रंग कच्चा हाय," गफूर म्हणाला. "आठ रोज मोटार सावलीला राहू द्या. तांबडा लई चांगला व्हता, पन तुमची मर्जी."

तांबडा उन्हाने विटतो, असे मोहनरावांनी त्याला सांगितले. घरीही तेच सांगितले होते. आठ रोज थांबायला सवड नव्हती. तालुकदारांच्या कचेरीत वतनाचा दावा चालू होता आणि बीडला रोज जावे लागत होते. रंगासाठी दोन दिवस घरी बसले तेच पुष्कळ झाले. डोक्याला रोजचा रुमाल न बांधता त्यांनी साहेबी टोपी घातली, धुळीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि निघाले.

वाटेत ओढा होता. तिथे मोटार हळू करावीच लागे. पलीकडे बाभळीखाली रतनबाई धनगरीण रोजच्यासारखी उभी होती.

सुगीच्या दिवसांत ओढ्याच्या याच उतारावर तिच्या नवऱ्याला, सटवाला, मोहनरावांच्या मोटारीने मागून उडवले होते. ते आधी पुढे निघून गेले, मग परत फिरले आणि त्याला शेजारी बसवून बीडच्या दवाखान्यात नेले. तिथे सांगितले, रस्त्यात पडलेला दिसला. सगळ्यांनी ते खरे धरले. पाय कापावा लागला, माणूस वाचला. तेव्हापासून रतनबाई भंडाऱ्याची पिशवी घेऊन ओढ्यावर येई. तांबडी मोटार हळू झाली की इंजिनावरच्या पत्र्याला दोन बोटे हळद लावी आणि हात जोडी. घरी आल्यावर मोहनराव ओल्या फडक्याने ती हळद स्वतः पुसत. गड्याला हे काम ते कधी सांगत नसत.

मोटार पाण्यातून वर आली. रतनबाईने तिच्याकडे पाहिले, पण तिचा हात पिशवीत गेला नाही. मोहनरावांना हलके वाटले.

तेवढ्यात ती रस्त्यात आडवी आली. त्यांना थांबावे लागले. इंजिन त्यांनी चालूच ठेवले.

परक्या साहेबाला विचारावे तसे तिने अदबीने, लांबूनच विचारले. तांबड्या मोटारीचे सरकार दोन दिवस दिसले नाहीत, आजारी-बिजारी तर नाहीत ना. बीडकडे कुठे भेटले तर सांगा, सटवाच्या बायकोने तुमच्यासाठी बिरोबाला नारळ बोललाय.

"ठाऊक नाही," मोहनराव आवाज घोगरा काढून म्हणाले.

सटवा बाभळीखालीच बसला होता, रस्त्याकडे पाठ करून, चातीवर लोकर कातत. मेंढरांमागे आता त्याचा भाऊ जाई. याला बसून करण्यासारखे एवढेच उरले होते. त्याने मान वळवली नाही.

"तीच हाय," तो म्हणाला.

"अवो, ती तांबडी. ही हिरवी हाय."

"रंग तू बग. मला आवाज कळतो. त्या दिशी पडायच्या आदी पाठीमागनं हाच ऐकलाय म्या."

रतनबाईने वळून नवऱ्याकडे पाहिले. चाती फिरत होती. इंजिन धडधडत होते. मोहनरावांनी चष्मा काढला. का काढला ते त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते.

"सटवा," ते म्हणाले, "मग इतके दिवस बोलला कावून नाहीस?"

"तुमी मागं फिरून आलतात, सरकार. दुसरा आला नसता. म्हनून गप ऱ्हायलो." कातलेला धागा त्याने चातीला गुंडाळून घेतला. "रंग कावून बदललात?"

तांबडा उन्हाने विटतो, हे उत्तर घरी चालले होते, गफूरपाशी चालले होते. इथे ते चालणार नव्हते.

सटवाच्या धोतराचा एक सोगा पाय नसलेल्या जागी मुडपून खोचलेला होता. रतनबाईने त्या सोग्याकडे पाहिले. मग मोटारीपाशी आली. पिशवीत हात घातला आणि मूठभर भंडारा तळव्याला चोळला. रोज ती दोन बोटे लावी. आज तिने सगळा पंजा पत्र्यावर ठेवला आणि दाबून धरला. उचलला तेव्हा तळहाताला हिरवे लागले होते. तिने हात जोडले नाहीत. बाजूला झाली.

"जावा," ती म्हणाली.

मोहनरावांनी मोटार पुढे घातली. डोळ्यांसमोर हिरव्या पत्र्यावर पाचही बोटे पिवळी उठली होती. बाभूळ दिसेनाशी झाल्यावर ते थांबले, खाली उतरले आणि खिशातल्या हातरुमालाने पुसून पाहिले. हळद निघेना. ती रंगातच बसली होती.

तिथून बीडपर्यंत रस्त्याला झाड नव्हते. ऊन चढत होते आणि रंग वाळत होता.